मोठ्याने केलेला अभ्यास

आमच्या पिढीची शाळा दोन ठिकाणी भरायची. दिवसा जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि दिवेलागणीनंतर घराच्या ओसरीवर. दिंडोरी तालुक्याचं गाव असलं तरी तेव्हा पेठेतल्या चार दुकानांपलीकडे सगळं शेतच होतं. सख्खी-चुलत मिळून आम्ही आठ भावंडं, शिवाय शिकायला म्हणून आमच्याकडे ठेवलेला आतेभाऊ. आजोबांचा दंडक एकच होता, अभ्यास मोठ्याने करायचा. मनातल्या मनात वाचणाऱ्याला ते विचारायचे, "निजला का रे?" त्यामुळे बाराखडी, पाढे, चौथीच्या इतिहासातले शिवछत्रपती आणि दादाची भूमितीतली प्रमेयं एकाच वेळी चालू असत. रस्त्याने जाणाऱ्याला तो गलका वाटे. आम्हाला मात्र त्यात स्वतःचाही आणि दुसऱ्याचाही अभ्यास ऐकू येई. मी पाचवीत गेले तेव्हा पाचवीचं निम्मं पुस्तक आक्काच्या तोंडून माझ्या कानावरून गेलेलं होतं.

या गलक्यात घरातली मोठी माणसं सामील होती, आणि ती सामील होती म्हणून आम्ही शिकलो, असं मी मानते.

आजीने शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तिला तोंडपाठ होती. तिचे भाऊ पाठ करत तेव्हा चुलीपाशी बसून ऐकलेली. ती सुपात तूर पाखडत बसलेली असे आणि मध्येच विचारी, "एकवीस पाऊणे?" पावणेसोळा म्हणायला जो अडखळला त्याने सगळी पाऊणकी पहिल्यापासून म्हणायची. मजुरांचा हिशोब ती याच आकड्यांवर करत असल्याने तिला फसवता यायचं नाही. तिसरीला तेव्हा आपल्याच जिल्ह्याचा भूगोल असे. माझा भाऊ बापू याने वाचलं की कादवा नदी गोदावरीला मिळते, की आजोबा लगेच सांगत, "नांदूर-मध्यमेश्वरला मिळते. मी पाहिलंय." मग त्या पाण्याची गोष्ट सुरू होई. वर करंजवणला धरण झालं, खाली पालखेडला अडवलं, कालवे कुठल्या कुठे गेले, कोणाची जमीन बुडाली, कोणाची भिजली. पुस्तकात दोन ओळी असत, आणि घरात त्यांचा एक अख्खा धडा होई.

एक संध्याकाळ मला फार स्पष्ट आठवते. दादा विज्ञानातलं केशाकर्षण पाठ करत होता. बारीक नळीत द्रव आपोआप वर चढतो, वगैरे. काका बैलांना वैरण टाकून येत होते. ते दारात थांबले, म्हणाले, "परत वाच." दादाने परत वाचलं. काका म्हणाले, "म्हणजे कोळपणीचं झालं की हे." आणि त्यांनी सांगितलं ते असं. काळ्या रानात मातीच्या कणांमधून बारीक बारीक वाटा तयार झालेल्या असतात, खालची ओल त्या वाटांनी वर चढते आणि उन्हाने उडून जाते. कोळपं फिरवलं की वरच्या थरातल्या त्या वाटा तुटतात, ओल खाली राहते. एक कोळपणी अर्धं पाणी, असं म्हणतात ते त्यासाठी. काका चौथीनंतर शाळेत गेले नव्हते. त्या दिवशी त्यांना स्वतःच्या कामाचं कारण सापडलं आणि दादाला धड्याचं. दोघंही एकमेकांकडून शिकले, कारण धड्याची भाषा दोघांनाही कळत होती. शिक्षणाच्या माध्यमावर मी पुढे बरंच वाचलं, प्रशिक्षणंही केली. पण त्या पाच मिनिटांएवढं मला कशानेच पटवलेलं नाही.

आमच्या घराच्या पिढ्या इंग्रजी कितवीत सुरू झाली यावर मोजता येतात. आजोबा व्हर्नाक्युलर फायनल झालेले. सातवीची ती परीक्षा पास झालं की मास्तर किंवा तलाठी होता येई. त्यांनी दोन्ही नाकारून शेती केली, पण गावाची मोडीतली जुनी खरेदीखतं वाचायला लोक त्यांच्याकडेच येत. इंग्रजी त्यांना सहीपुरतीही आली नाही. वडिलांच्या वेळी मुंबई राज्यातल्या बाळासाहेब खेरांच्या सरकारने इंग्रजी आठवीपर्यंत पुढे ढकललेली होती, त्यामुळे त्यांना ती मोजकीच वर्षं लाभली. आम्हाला पाचवीत मिळाली. २००० सालच्या जूनमध्ये रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना ती पहिलीपासून सुरू झाली, तेव्हा आमची मुलं शाळेत होती. आणि नातवंडांच्या वेळी तर इंग्रजी हा विषय न राहता सगळ्या विषयांची भाषा होऊन बसली.

आमची पाचवीतली इंग्रजी कशी होती, तेही सांगायला हवं. गुरुजी मायाळू होते, पण इंग्रजी बोललेली त्यांनी स्वतःच फारशी ऐकलेली नव्हती. धडा वाचायचा, प्रत्येक शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहायचा, स्पेलिंगं पाच-पाच वेळा गिरवायची. घरी आजोबांनी वडिलांसाठी घेतलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, तिच्या पानांना हळदीचे डाग पडलेले. तिच्या जोरावर आम्ही कर्तरी वाक्याचं कर्मणी करत होतो, काळ बदलत होतो, आणि दहावीच्या परीक्षेत त्याचे गुणही मिळत होते. पण इंग्रजीत पाणी मागायची वेळ आली असती तर आमच्यापैकी एकाचंही तोंड उघडलं नसतं. मराठी माध्यमाच्या शाळांवर लोकांचा विश्वास उडाला त्याचं मूळ इथे आहे. मराठीतून शिकवल्यामुळे तो उडाला नाही. इंग्रजी भाषा म्हणून नीट शिकवली नाही, त्यामुळे उडाला. ही दोन कारणं आपण इतकी वर्षं एकात एक मिसळत आलो आहोत, याचं मला मनापासून दुःख होतं.

त्याची किंमत दादाने मोजली. १९७५ साली दहावीचा नवा आकृतिबंध आला, त्यानंतर थोड्याच वर्षांनी दादा शाळेत पहिला आला आणि नाशिकला अकरावी सायन्सला गेला. पहिल्या दिवशी भौतिकशास्त्राचा तास सुरू झाला तो इंग्रजीत, आणि वर्षभर तो मराठीकडे वळला नाही. शनिवारी एसटीने घरी आला की दादा दोन वह्या घेऊन बसायचा. एकीत तासाला उतरवलेलं इंग्रजी, दुसरीत शब्दकोश पाहून केलेलं मराठी. परावर्तन, अपवर्तन, गुरुत्वाकर्षण, सगळं त्याला येत होतं. पण तिथे ते येतंय हे दाखवायला त्याच्याकडे वाक्य नव्हतं. ओसरीवर ज्याचा आवाज सगळ्यात मोठा, तो त्या वर्षी मनातल्या मनात वाचायला लागला आणि आजोबांनी त्याला एकदाही टोकलं नाही. वर्ष संपल्यावर सायन्स सोडून तो शेतीत आला. त्याच्या बरोबरीच्या अशा कितीतरी मुलांची नावं आमच्या तालुक्यातल्या गावागावांत सांगता येतील. वलखेड, लखमापूर, तळेगाव, कुठेही विचारा. त्याच्याच पाठचा बापू दोन वर्षांनी त्याच वाटेने गेला आणि तरला, पुढे इंजिनिअर झाला. पण तो तरला तेव्हा दादाच्या त्या दोन वह्या त्याच्यापाशी होत्या. बापू आजही सांगतो, कल्पना आधीच डोक्यात पक्क्या होत्या, फक्त नवी नावं शिकायची होती. मधला पूल बांधायचं काम शिक्षणखात्याने करायला हवं होतं. ते एका नापास मुलाने आपल्या भावासाठी केलं.

मातृभाषा म्हणताना आपण सगळ्यांची मराठी एकच धरून चालतो. आमच्या घरातच ते खरं नव्हतं. धाकटी काकू कळवणकडची, तिची बोली अहिराणी. तिची मुलं "कथा जाई ऱ्हायना?" असं विचारत मोठी झाली. शाळेत गेल्यावर त्यांना पुस्तकातली मराठी थोडी परकी लागली, पण गुरुजींनी बोलणं कधी खोडलं नाही. बोलायचं घरासारखं, लिहायचं फळ्यासारखं, एवढंच ते सांगत. मळ्यावर राहणाऱ्या सालदाराची मुलगी मात्र आमच्यात येऊन बसे आणि वर्षभर एक अक्षर बोलत नसे. ती पेठ तालुक्यातली, कोकणा. आम्हाला वाटे तिला काही येत नाही. तिच्या घरची भाषा त्या ओसरीवर कोणालाच येत नव्हती, ही गोष्ट तेव्हा आमच्या लक्षात येण्यासारखी नव्हती.

ती लक्षात आली मी शिक्षिका झाल्यावर. डी.एड. करून मला नेमणूक मिळाली ती तालुक्याच्या पश्चिम अंगाला, ननाशीच्या बाजूच्या एका पाड्यावर. दिंडोरीचा पूर्वभाग द्राक्षांचा, पश्चिमभाग डोंगरांचा आणि नागलीचा. पहिलीच्या वर्गातली सगळी मुलं कोकणा किंवा महादेव कोळी. मी पुस्तक उघडून बोलत होते आणि समोर सालदाराच्या त्या मुलीसारखे पंचवीस चेहरे गप्प बसलेले. डी.एड.ला आम्ही ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल शिकलो होतो. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेलं त्यांचं काम पुढे कोसबाडला गेलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलापाशी न्यायची, त्याच्या अंगणात भरवायची, परिसरातल्या वस्तूंतून शिकवायची. परीक्षेत मी त्याचं छान उत्तर लिहिलं होतं. तिथे ते करायची वेळ आली.

मी पुस्तक मिटलं आणि नागलीचा राब कसा भाजतात ते विचारलं. वर्ग एकदम बोलायला लागला. पालापाचोळा किती, शेण किती, कधी पेटवायचा, रोप केवढं झालं की लावायचं. एकाने डोंगऱ्यादेवाच्या वेळची पावरी तोंडाने वाजवून दाखवली. अर्धं बोलणं मला कळत नव्हतं, आणि मुलांना त्याचा आनंद वाटत होता, कारण आता शिकवत ती होती. मी त्यांचे शब्द त्यांच्याच उच्चारात फळ्यावर लिहीत गेले आणि शेजारी पुस्तकातले. दिवाळीपर्यंत मुलं वाचायला लागली. पुढे मला वर्गात शेतावरच्या कामाला आलेल्या आया बसलेल्या दिसू लागल्या. पोर काय शिकतंय ते त्यांना कळत होतं, म्हणून त्या थांबत. हे मी आमच्या घरात आधी पाहिलेलं होतं.

शिक्षण कोणत्या भाषेतून द्यायचं, हा वाद काही आजचा नाही. १८४० च्या दशकात मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस यांनी देशी भाषांची बाजू लढवली. जर्व्हिस यांनी त्याआधीच गणिताची पुस्तकं मराठीत करवून घेतली होती. नाना शंकरशेट इंग्रजीचे शत्रू नव्हते. एल्फिन्स्टन कॉलेजच्या उभारणीत त्यांचाच हात होता. ज्ञान मूठभरांपुरतं राहू नये, एवढाच त्यांचा आग्रह. आणि आपल्या शेजारचंच उदाहरण घ्यायचं तर वि. वा. शिरवाडकर. लहानपण पिंपळगाव बसवंतला गेलं, शिक्षण नाशिकला. तो माणूस 'मॅकबेथ'चा 'राजमुकुट' करतो आणि 'ऑथेल्लो' मराठीत आणतो. इंग्रजी त्याच्या घरी मानाने आली आणि मराठी होऊन गेली. मुळं मराठीत खोल होती म्हणून ते जमलं.

आता द्राक्षांचं सांगते, कारण दिंडोरीत शिक्षणाची गोष्ट द्राक्षांशिवाय पुरी होत नाही. दादाने सायन्स सोडलं आणि बाग लावली. या पिकाचं सगळं शास्त्र बाहेरून आलेलं. थॉमसनसारखी वाणं, डॉगरिजचा खुंट, जीए या संप्रेरकाचं डिपिंग, औषधांची लेबलं बारीक इंग्रजीत. ते शेतकऱ्यापर्यंत पोचलं मराठीत. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० पासून आहे. त्याची चर्चासत्रं, शिवारफेऱ्या, एकमेकांच्या बागेत उभं राहून केलेले वाद, सगळे मराठीत. १९८९ साली नाशिकलाच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं आणि शेतीचं शिक्षण मराठी पुस्तकांतून घरपोच आलं. दादाने चाळिशीत तिथली पदविका घेतली. ज्याला अकरावीचं सायन्स झेपलं नाही म्हणून लोक हळहळले, तो माणूस संप्रेरकं, पोटॅशची कमतरता आणि पानदेठ परीक्षणाचे अहवाल यांवर तासभर बोलतो.

२०१० साली युरोपने आपली द्राक्षं नाकारली, क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांमुळे. त्या वर्षी आमच्या शिवारात जेवढं रसायनशास्त्र शिकलं गेलं तेवढं कुठल्याही वर्गात शिकलं गेलं नसेल. उर्वरित अंश म्हणजे काय, मर्यादा कोण ठरवतं, फवारणी आणि काढणी यांत किती दिवस ठेवायचे, प्रयोगशाळा नमुना कसा घेते. बांधाबांधावर बैठका झाल्या. अंशांची मर्यादा म्हणजे 'एमआरएल' आणि फवारणी-काढणीतलं अंतर म्हणजे 'पीएचआय', हे शब्द तेव्हापासून कांदा-भाकरीइतके घरचे झाले. मोहाडीला सह्याद्री फार्म्स उभी राहिली ती त्याच सुमारास. आज तिथून द्राक्षं परदेशात जातात आणि ती पिकवणारे बहुतेक शेतकरी माझ्या भावांसारखे, मराठी शाळांत शिकलेले आहेत. उच्च ज्ञान मराठीत पेलत नाही असं कोणी म्हणालं की मी त्याला ऑक्टोबर छाटणीनंतर आमच्या तालुक्यातल्या एखाद्या बागेत नेऊन उभं करावं म्हणते.

आणि तरीही याच शेतकऱ्यांच्या दारात सकाळी इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येते. मी त्यांना नावं ठेवत नाही. दादाच्या पोटात ते अकरावीचं वर्ष अजून आहे. नातवाच्या वाट्याला ते येऊ नये म्हणून त्याने कन्यादान केल्यासारख्या गंभीरपणाने फी भरली. आदिवासी विकास विभागही ननाशीकडची मुलं नामांकित इंग्रजी निवासी शाळांत पाठवतो, आणि आईबाप रांगा लावतात. भीती खरी आहे. पण त्या गाडीने मुलाबरोबर आणखी काय नेलं, ते मला दादाच्या घरी दिसतं. सूनबाई बारावी झालेली, हुशार, गणिताची आवड असलेली. ती मुलाच्या वहीला हात लावत नाही. "मला नाही समजत हो आत्या त्यातलं," म्हणते. वहिनी तर आता त्या खोलीतही जात नाहीत. अभ्यास शिकवणीच्या मॅडमकडे होतो. घरात तीन पिढ्यांची माणसं आहेत, शेतीतलं जीवशास्त्र कोळून प्यालेला आजोबा आहे, आणि मुलाच्या शिक्षणात त्यांतल्या कोणालाच जागा नाही. माध्यम बदलताना मुलाची भाषा बदलते एवढाच विचार आपण केला. त्याला शिकवू शकणारी माणसंही त्याच दिवशी बदलतात, हे कोणी सांगितलंच नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं लिहिलं गेलं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचे आदेश निघाले, राज्यभर संताप झाला आणि २९ जूनला ते मागे घेतले गेले. त्या संतापात मीही होते. पण पहिलीतल्या मुलावर तिसरी भाषा नको म्हणणाऱ्या घरांतलीच मुलं पहिलीपासून सगळे विषय परक्या भाषेत शिकतात, हेही त्याच दमात बोललं गेलं पाहिजे.

मागच्या हंगामात दादाचा नातू विज्ञान पाठ करत होता. सातवीतला. पानावरच्या स्टोमॅटाची व्याख्या न अडखळता म्हणाला, बहुतेक ती पानाच्या खालच्या बाजूला असतात हेही म्हणाला. मी विचारलं, "मग आजोबा फवारणीला नोझल खालून का धरायला सांगतात रे?" त्याला माहीत नव्हतं. मी दादाला हाक मारली. दोघं बागेत गेले. दादाने डाऊनी पडलेलं पान उलटून दाखवलं, खाली पांढरी बुरशी, वर नुसता तेलकट डाग. बुरशी त्याच छिद्रांतून आत शिरते, म्हणून औषध खालच्या अंगाला पोचलं पाहिजे. पोरगं म्हणालं, "म्हणजे आमच्या पुस्तकातलं हेच?" आणि मग पाऊण तास त्याने आजोबाला हलू दिलं नाही.

सूनबाई बांधावर उभी राहून ऐकत होती. त्या रात्री तिने बालभारतीचं सातवीचं मराठी विज्ञान मोबाईलवर उतरवून घेतलं. आता ती दुपारी आधी ते वाचते आणि संध्याकाळी मुलाला त्याच्या इंग्रजी पुस्तकातले प्रश्न विचारते. उत्तर त्याने आधी मराठीत समजावून सांगायचं, मग इंग्रजीत लिहायचं. मी तिला बापूला उपयोगी पडलेल्या त्या दोन वह्यांची पद्धत सांगितली आहे. धाकट्या मुलीला पुढच्या जूनमध्ये कुठे घालायचं यावर घरात अजून वाद चालू आहे. सूनबाईने जिल्हा परिषदेची शाळा पाहून यायचं ठरवलंय, दादा अजून तयार नाही. मी माझं मत स्पष्ट सांगितलं आहे आणि पुन्हा सांगणार आहे. नातवाचा पुढचा धडा विजेचा आहे. त्यासाठी रविवारी विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर उघडायचा ठरला आहे, लाइन गेलेली असेल तेव्हा. वहिनींनीही येते म्हणून सांगितलंय. फ्यूज का जातो ते त्यांना कितीतरी वर्षांपासून विचारायचं आहे.